वीजबिल, गॅसची टाकी आणि राजाराम बंधारा : एका कार्बन कॅल्क्युलेटरचा वर्षभराचा अनुभव

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये मी कार्बन फूटप्रिंट मोजणाऱ्या एका अॅपची वर्षभराची वर्गणी भरली. हे अॅप दोन कामांचे आश्वासन देते. आपल्या घरातील वापरामुळे वर्षाला किती कार्बन डायऑक्साइड हवेत जातो याचा ते अंदाज सांगते, आणि आपण राहतो त्या ठिकाणाला बदलत्या हवामानामुळे कोणते धोके आहेत याचा अहवाल देते. पहिले काम मोफत आहे, दुसऱ्यासाठी वर्षाला ४९९ रुपये लागतात. मी कोल्हापुरात शाहूपुरीत राहते, माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही पुरांचे पाणी आमच्या घरात आलेले आहे, त्यामुळे या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मला मनापासून हवी होती. अॅपचे नाव मी मुद्दाम देत नाही. याच धर्तीची आणखी दोन अॅप्स मी चाळून पाहिली, त्यांच्या प्रश्नावल्या आणि उणिवा जवळपास सारख्याच निघाल्या, तेव्हा एकालाच बोल लावणे योग्य होणार नाही.

कार्बन फूटप्रिंटची कल्पना ज्या ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’वरून (आपल्या गरजा भागवायला किती जमीन आणि पाणी लागते याच्या मापावरून) आली, ती १९९० च्या दशकाच्या आरंभी कॅनडात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनागेल यांनी मांडली, व्यक्तीमागे मोजण्याच्या आजच्या रूपात तिला घरोघरी नेले ते २००० नंतरच्या दशकात बीपी या तेल कंपनीच्या जाहिरातींनी. हा इतिहास ठाऊक असलेले माझे काही सहकारी, तेल कंपनीने आपली जबाबदारी सामान्य माणसावर ढकलली असे मानून, अशा हिशेबाच्या वाटेलाच जात नाहीत. मला ते पटत नाही. घरखर्चाची वही लिहिल्याने महागाई कमी होत नाही, पण पैसा कुठे जातो हे नेमके कळते आणि त्यावरून काही निर्णय घेता येतात. कार्बनच्या हिशेबाकडून माझी एवढीच अपेक्षा होती. मात्र त्यासाठी वहीतील नोंद खरी असावी लागते, आणि अॅपची पहिली अडचण तेथेच आली.

विजेचा प्रश्न ‘तुमचे महिन्याचे वीजबिल किती रुपये?’ असा विचारलेला आहे. आमच्या चौघांच्या घरात महिन्याला सरासरी १५० युनिट वीज लागते आणि बिल चौदाशे-पंधराशेच्या घरात येते. अॅपने ही रक्कम एका सपाट दराने भागली आणि आमचा वापर महिन्याला सुमारे २५० युनिट ठरवला. आपल्याकडे वीजदर टप्प्यांचा आहे. पहिल्या १०० युनिटांचा दर वेगळा, १०१ ते ३०० चा त्याहून बराच चढा, त्यावर स्थिर आकार, वहन आकार आणि वीज शुल्क. ज्या घराचा वापर दुसऱ्या टप्प्यात नुकताच गेलेला आहे, त्याच्या रुपयांवरून युनिट काढू गेल्यास उत्तर चुकणारच. प्रश्नाखाली बारीक अक्षरांत ‘प्रगत नोंद’ असा दुवा आहे, तो उघडल्यावर युनिट भरण्याची सोय सापडते. ती मला तिसऱ्या दिवशी सापडली. महावितरणच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचा आलेख छापलेला असतो. तेथून बारा महिन्यांचे युनिट उतरवून घ्यायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि हा प्रश्न पहिल्यापासून तसाच विचारायला हवा होता.

युनिट हाती आल्यावर पुढचा हिशेब कागदावरही करता येतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या वीजजाळ्याचा उत्सर्जन-गुणांक, म्हणजे एक युनिट विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो तो आकडा, जाहीर करते आणि अलीकडच्या वर्षांत तो युनिटमागे ०.७२ किलोच्या आसपास आहे, कारण आपली बहुतांश वीज अजून कोळशावर होते. आमचे वर्षाचे १,८०० युनिट म्हणजे सुमारे १,३०० किलो, माणशी सव्वातीनशे. गॅसचे गणित याहून सोपे आहे. घरगुती टाकीत १४.२ किलो गॅस असतो, आणि एक किलो गॅस जळला की साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे टाकीमागे सुमारे ४२ किलो. हे मी नववीच्या वर्गात सांगितले तेव्हा मागच्या बाकावरच्या एका मुलीने लगेच विचारले, ‘‘बाई, चौदा किलोच्या टाकीतून बेचाळीस किलो कसं निघेल?’’ प्रश्न फार चांगला होता. गॅसमधील प्रत्येक कार्बन अणूला हवेतील प्राणवायूचे दोन अणू येऊन चिकटतात, हे वाढीव वजन हवेतून आलेले असते. पेट्रोलचे तसेच, एक लिटर पेट्रोलचे वजन पाऊण किलोही भरत नाही आणि ते जळल्यावर २.३ किलो वायू होतो. अॅपमध्ये हे स्पष्टीकरण कुठेही नाही. उत्तर येते, पण ते कसे आले हे उलगडून दाखवले जात नाही, आणि शिकवणाऱ्या माणसाला ही उणीव सर्वांत जास्त जाणवते.

मराठी आवृत्ती उपलब्ध आहे याचा मला आनंद झाला होता. ती भाषांतरित असल्याचे मात्र दुसऱ्याच प्रश्नाला कळते. ‘तुम्ही तुमचे घर कशाने गरम करता?’ या प्रश्नाचा रोख युरोप-अमेरिकेतील हिवाळ्यात खोल्या उबदार ठेवण्यावर आहे. आमच्या घरी हा प्रश्न आंघोळीच्या पाण्याविषयी असावा असे समजून ‘विजेवर’ हे उत्तर निवडले गेले, आणि त्या एका उत्तराने माणशी जवळपास अर्धा टन वाढला. परसात सासूबाईंचा तांब्याचा बंब अजून रोज पेटतो, त्यात शेणी आणि लाकडाचे तुकडे जातात. त्याला या प्रश्नावलीत जागाच नाही. लाकडातून निघालेला कार्बन पुढच्या झाडाच्या वाढीत परत शोषला जातो असे मानून तो वेगळा मोजतात, हे मला ठाऊक आहे. परंतु त्याच्या धुराचा आणि काजळीचा उल्लेख तरी असायला हवा, कारण महाराष्ट्रात चूल आणि बंब असलेली घरे अपवादाने आढळतात असे मुळीच नाही.

आहाराच्या भागात चार पर्याय आहेत : भरपूर मांसाहारी, मध्यम, शाकाहारी आणि दूधही वर्ज्य करणारे. कोल्हापूरच्या घरात या चारांपैकी कोणता निवडावा? आमच्याकडे रविवारी आणि बुधवारी मटण असते, एरवी भाकरी-भाजी, आणि दूध रोज दोन लिटर. या शहरात गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हशीची धार समोर काढून घेऊन ग्लासभर दूध पिण्याची रीत आहे. येथे दूध वरवरचा जिन्नस नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१० च्या अहवालात दुधासाठी किलोमागे २.४ किलो (कार्बन डायऑक्साइडच्या मापात) ही जागतिक सरासरी दिली होती, तिच्यात गुरांच्या पोटात तयार होणाऱ्या मिथेनचा वाटा मोठा आहे. ती सरासरी जशीच्या तशी लावली तरी आमच्या वर्षाच्या ७३० लिटरांमागे सुमारे १,७५० किलो होतात, म्हणजे साऱ्या घराच्या विजेपेक्षा जास्त. दूध कमी करावे असे मी यावरून कोणाला सुचवणार नाही, पण ‘शाकाहारी’ या पर्यायापुढे हिरवे पान काढून तेथेच थांबणारे अॅप हिशेबातील एक मोठी रक्कम वापरणाऱ्याच्या नजरेआड करते.

विमानप्रवासाचा भाग मात्र चांगला केला आहे. निघण्याचे आणि पोहोचण्याचे शहर भरले की अंतर आपोआप येते, वर्गवारी निवडता येते, आणि उत्तराशेजारी ते कशाच्या किती पट आहे हेही दिसते. भाचीच्या लग्नासाठी मी आणि यजमान पुण्याहून दिल्लीला विमानाने जाऊन आलो होतो, त्याचे माणशी सुमारे अडीचशे किलो निघाले. माझ्या वाट्याची जवळपास नऊ महिन्यांची वीज त्या दोन उड्डाणांत गेली, हे पाहून मी बराच वेळ त्या पडद्यासमोर बसून राहिले. परतीचा प्रवास रेल्वेने सहज करता आला असता. अॅपच्या मोफत भागात एखादी गोष्ट माझ्या वागण्यापर्यंत पोहोचली असेल, तर ती ही.

रुपयांवरून भरलेल्या पहिल्या हिशेबात आमचे माणशी २.३ टन आले आणि पडदा लाल झाला. युनिट, टाक्या आणि लिटर भरल्यावर १.४ टन आले आणि पडदा हिरवा झाला. घर तेच, माणसे तीच, वर्षही तेच. शिवाय ज्या सरासरीशी ही तुलना केली जाते ती देशाची आहे. भारताचे माणशी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जन वर्षाला सुमारे दोन टन आहे आणि जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे, हे खरे. परंतु त्या दोन टनांत सिमेंट, पोलाद, रस्ते, कारखाने, सरकारी कचेऱ्या असे सारे येते. घरातील वीज, गॅस, पेट्रोल, थोडे अन्न आणि थोडा प्रवास एवढेच विचारून आलेला आकडा त्या बेरजेशेजारी ठेवून ‘तुम्ही सरासरीपेक्षा उत्तम आहात’ असे प्रशस्तिपत्र देणे बरोबर नाही. माझ्या मते लाल-हिरवा रंग काढून टाकावा आणि वापरणाऱ्याला फक्त त्याच्या स्वतःच्या मागील वर्षाशी तुलना करू द्यावी. शेवटी ‘झाडे लावून भरपाई करा’ म्हणून पैसे मागणारा एक पडदा येतो. झाड कुठे लागणार, ते पाच वर्षांनी जगले की नाही हे कोण पाहणार, यातील काहीच तेथे सांगितलेले नसल्याने मी तो बंद केला.

आता ४९९ रुपयांच्या भागाविषयी, कारण मी ही वर्गणी भरली ती त्यासाठीच.

पिन कोड भरल्यावर अर्ध्या मिनिटात अहवाल येतो. आमच्या ४१६००१ साठी त्यात उष्णतेचा धोका मध्यम, दुष्काळाचा कमी, समुद्रपातळीचा शून्य आणि पुराचा ‘कमी ते मध्यम’ असा शेरा होता. तो वाचून सासूबाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिले. त्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत. खालची २०१९ च्या ऑगस्टची, उंबऱ्यापासून तीन फूट एक इंच. वरची २०२१ च्या जुलैची, तीन फूट नऊ इंच. दोन्ही रेघा यजमानांनी पाणी ओसरल्यावर भिंतीवरच्या गाळाच्या कडेवरून मोजून ओढल्या आहेत. खालच्या रेघेच्या वर्षी रिकामी गॅसची टाकी स्वयंपाकघरात तरंगत होती आणि इन्व्हर्टरची बॅटरी जमिनीवर ठेवलेली असल्यामुळे पहिल्याच रात्री गेली होती.

अहवाल असा का चुकतो, हे शोधण्यात माझे बरेच दिवस गेले, आणि ते कारण प्रत्येक नदीकाठच्या वाचकाने समजून घ्यावे असे मला वाटते. अहवालाच्या शेवटी दिलेल्या माहितीनुसार अॅप जमिनीचे सुमारे २५ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडते, त्या चौकोनातील पावसाचा कल पाहते आणि त्यावरून पुराचा अंदाज बांधते. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तेव्हा चौकोन सौम्य दिसतो. पण पंचगंगेचा पूर शहरातल्या पावसाने येत नाही. तो पश्चिमेला, घाटमाथ्यावर पडलेल्या पावसाने येतो. गगनबावड्याचा वर्षाचा पाऊस शहराच्या पाच-सहा पट आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती हे सारे पाणी घेऊन प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतात आणि पंचगंगा म्हणून शहराला वळसा घालून नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळतात. शहरापासून पुढे नदीचा उतार फारच कमी आहे. कृष्णेला आधीच फुगवटा असेल तर पंचगंगेचे पाणी पुढे सरकत नाही, ते शेतांत आणि गल्ल्यांत पसरते. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, धरण भरले की ते पाण्याच्या दाबाने आपोआप उघडतात आणि प्रत्येकातून १,४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येते. शहरात लख्ख ऊन पडलेले असताना गल्लीच्या तोंडाशी पाणी चढत आहे, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलेले आहे. पिन कोडच्या चौकोनात बसून या पुराचा अंदाज बांधता येणे शक्यच नाही.

अहवालातील दुसरी गोष्ट संख्येच्या भाषेची आहे. एका तक्त्यात ‘वार्षिक शक्यता १ टक्का’ असे लिहिले आहे आणि त्याचा अर्थ शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर असा दिला आहे. पूररेषांच्या नकाशांतही हीच भाषा असते. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सामान्य वाचक यातून ‘आता शंभर वर्षे निश्चिंती’ असा अर्थ काढतो. वास्तविक दरवर्षी १ टक्का शक्यता असलेला पूर ३० वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता २६ टक्के, म्हणजे जवळपास चारांत एक, इतकी होते. वीस वर्षांचे गृहकर्ज घेणाऱ्यासाठी ती १८ टक्के आहे. हे दोन आकडे छापायला अर्धी ओळ पुरली असती. शिवाय ही शक्यता जुन्या नोंदींवरून काढलेली असते, आणि हवा तापल्यावर जुन्या नोंदी कितपत पुरतील हाच तर मूळ प्रश्न आहे. हवेचे तापमान एक अंश सेल्सियसने वाढले की ती सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धरू शकते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आहेत आणि त्यांना अरबी समुद्रावरून येणारे बाष्प कारणीभूत आहे. आमच्या शहराने १९८९, २००५, २०१९ आणि २०२१ असे मोठे पूर पाहिले, त्यांतील शेवटचे दोन अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने. सशुल्क अहवालात यातील एकाही वर्षाचा उल्लेख नाही.

स्थानिक धोका किती स्थानिक असतो याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, आणि त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. एका शहराच्या दोन टोकांत एवढा फरक पडू शकतो, तर २५ किलोमीटरच्या चौकोनाला एक शेरा देऊन घर घेण्याचा किंवा विमा काढण्याचा सल्ला देणे मला जबाबदारीचे वाटत नाही.

आमच्याकडे दूध घालणारे मामा प्रयाग चिखलीहून येतात. मी फोनवर हे काय करते, असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा आम्ही दोघांनी ओसरीवर बसून त्यांचाही हिशेब भरला. घरात सहा माणसे, दोन दिवे, एक पंखा, एक टीव्ही. गॅसची टाकी दोन-अडीच महिने पुरते, कारण पाणी आणि भाकरी चुलीवर होतात. पेट्रोल लागते ते दूध पोचवण्यासाठी. आकडा माझ्या निम्म्याहूनही कमी आला. मग मामा म्हणाले, ‘‘बाई, ह्यात म्हशी कुठं लिहायच्या?’’ त्यांच्या चार म्हशी आहेत. म्हशींचा मिथेन मामांच्या नावावर लिहायचा, की ते दूध पिणाऱ्या आमच्या नावावर, हा प्रश्न हवामान-अर्थशास्त्रातील जाणकारांना अजूनही पडतो. वस्तू जेथे तयार होते तेथे मोजावे, की जेथे वापरली जाते तेथे, यावर देशादेशांत वाद आहेत. मी त्यांना सांगितले की दूध आम्ही पितो, तेव्हा आमच्या नावावर. ‘‘मग बरं हाय,’’ असे म्हणून त्यांनी किटली उचलली.

त्यांच्या गावासाठीही मी अहवाल काढून पाहिला. शब्दाला शब्द तोच आला, कमी ते मध्यम. चिखली आणि आंबेवाडी ही गावे पंचगंगेच्या पुरात सर्वांत आधी वेढली जातात. २०१९ मध्ये मामांनी म्हशींची दावी सोडली आणि त्या कंबरभर पाण्यातून सोनतळीच्या माळावर नेल्या. एक रेडकू राहिले, ते मिळाले नाही. ज्यांचा आकडा माझ्या निम्म्याहून कमी आहे त्यांच्या दाराशी पाणी माझ्या आधी पोहोचते, हे अॅपच्या एकाही पडद्यावर दिसत नाही. उलट दोन्ही अहवाल एकाखाली एक ठेवून ‘फूटप्रिंट कमी करा, घर सुरक्षित ठेवा’ असे वाक्य लिहिलेले आहे. हे वाक्य काढून टाकावे अशी माझी कळकळीची विनंती आहे. उत्सर्जन कमी करणे आवश्यकच आहे, परंतु ज्या घराने ते कमी केले त्याच घराचे पाणी त्यामुळे अडत नाही. घर वाचवण्याची तयारी वेगळी असते आणि ती स्वतंत्रपणे करावी लागते.

ती तयारी आम्ही कशाच्या आधारे करतो, हे सांगितल्याशिवाय हा अभिप्राय अपुरा राहील, कारण तुलनेला दुसरी वस्तू हवी आणि ती फुकट उपलब्ध आहे. पावसाळ्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्षाकडून दिवसातून अनेकदा पंचगंगेवरच्या, कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावरील पाणीपातळी फूट-इंचांत जाहीर होते, सोबत किती बंधारे पाण्याखाली गेले आणि राधानगरीचे किती दरवाजे उघडले याची माहिती असते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. कोल्हापुरात जुलै-ऑगस्टमध्ये भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत प्रत्येकाला आजची पातळी तोंडपाठ असते. आमच्या चौकटीवरच्या दोन रेघा त्या-त्या वर्षीच्या सर्वोच्च पातळीशी जुळवून पाहिल्यावर दोन्ही वेळा एकच उत्तर आले : बंधाऱ्यावर साडेबावन्न फूट झाले की आमच्या उंबऱ्याला पाणी लागते. २०२४ च्या जुलैत नदीने धोका पातळी ओलांडली तरी उंबरा कोरडाच राहिला, म्हणजे आमचा ठोकताळा टिकला. पातळी ४३ ला पोहोचली की आम्ही गाडी उंचावर नेतो, ४७ ला धान्य, कागदपत्रे आणि बॅटरी माडीवर चढवतो, गॅसची टाकी जिन्याच्या कठड्याला साखळीने बांधतो, आणि ५० ला सासूबाईंना नणंदेकडे राजारामपुरीत पोहोचवतो. कोणत्याही सशुल्क अहवालाने मला इतका उपयोगी आकडा दिलेला नाही.

भारतीय हवामान विभागाच्या पिवळ्या, नारिंगी आणि लाल इशाऱ्यांत कोल्हापूरचा घाटभाग वेगळा दाखवलेला असतो, हेही फार महत्त्वाचे आहे. आम्ही शहराच्या रकान्याआधी घाटाचा रकाना पाहतो. हवामान विभागाच्या व्याख्येत २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून जोरदार, ११५.६ पासून अतिजोरदार आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार पाऊस धरतात, एवढे माहीत असले की इशाऱ्याचे शब्द पोकळ वाटत नाहीत. विजांसाठी ‘दामिनी’ अॅप आहे, ते शेतात काम करणाऱ्या प्रत्येकाच्या फोनमध्ये असावे. अॅपमधील उष्णतेच्या भागाविषयी मी फारसे लिहीत नाही, कारण आमच्या भागापुरता तो ठीक वाटला. सोलापूर किंवा चंद्रपूरच्या वाचकाने तो स्वतः तपासून पाहावा.

तर निर्णय असा. मोफत भाग घ्यावा, पण वर्षातून एकदाच, एप्रिलमध्ये, मागील बारा वीजबिले, टाक्यांच्या पावत्या आणि पेट्रोलच्या लिटरांची नोंद समोर ठेवून ‘प्रगत नोंद’मधूनच भरावा, घर गरम करण्याच्या प्रश्नाला ‘लागू नाही’ असे उत्तर द्यावे आणि दुधाचा हिशेब स्वतः वेगळा करावा. शाळेतील प्रकल्पासाठी तो मी या वर्षीही वापरणार आहे, मात्र मुलांना आधी कागदावर गुणाकार करायला लावून. त्या हिशेबावरून आमच्या घरी दोन बदल झाले : विजेच्या गीझरच्या जागी सौर बंब आला, आणि दिल्लीच्या पुढच्या फेरीची रेल्वेची तिकिटे काढली आहेत. पाचपैकी मी या भागाला तीन गुण देते. सशुल्क धोका-अहवालाला एक, तोही उष्णतेच्या पानासाठी. नदीकाठी राहणाऱ्याने त्यावर विसंबून काहीही ठरवू नये.

वर्गणीचे नूतनीकरण मी केलेले नाही. रद्द करताना कारण विचारणारी चौकट आली, तिच्यात मी दाराच्या चौकटीवरच्या दोन रेघांचे छायाचित्र जोडले आणि एकच मागणी लिहिली : पिन कोडच्या खाली ‘तुमच्या जवळची नदी कोणती आणि तिची पातळी कोठे मोजतात?’ हा प्रश्न घालावा. चार दिवसांनी उत्तर आले की सूचना नोंदवून घेतली आहे. ती अमलात आली, तर ४९९ रुपये भरून मी प्रयाग चिखलीचा अहवाल पुन्हा काढीन आणि मामांना वाचून दाखवीन.